चारशे सत्तर ओहम आणि काळा कोट

मी एक रेझिस्टर बोलतोय. शाळेच्या पुस्तकात मला रोधक म्हणतात, दुकानात रजिस्टर म्हणतात आणि आमचे फिटरकाका मला नुसतं 'ती गोळी' म्हणतात. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं अंग, त्यावर चार रंगीत पट्टे आणि दोन्ही बाजूंना तारेचा एकेक पाय. धावत येणाऱ्या विजेला 'जरा दमानं' म्हणायचं, हे माझं काम. ते म्हणताना अंग थोडं तापतं, एवढंच.

माझा जन्म कारखान्यातला. पिवळा, जांभळा, तपकिरी हे माझे पट्टे, म्हणजे मी चारशे सत्तर ओहमचा. शेवटचा सोनेरी पट्टा सांगतो की माझ्यात पाच टक्के इकडचं तिकडे असू शकतं. इतकी प्रामाणिक कबुली अंगावर मिरवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दुकानातून मी निघालो तो एका मिक्स पुडीत. काका दुकानात शिरले आणि म्हणाले, "रजिस्टर द्या."

"कितीचा?" दुकानदारबाईंनी विचारलं.

"चांगला मोठा द्या!"

बाई काही बोलणार तेवढ्यात समोरची पुडी उचलून काका बाहेर.

काका पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त फिटर. काकू घरी शिवणकाम करणाऱ्या. घरी पोचलो तर टेबलावरच्या ताटलीत तीन एलईडी मरून पडलेले. काकांनी त्यांना जुन्या लॅपटॉपचा चार्जर थेट जोडला होता. एकोणीस व्होल्टचा! "दाब चांगला असला की धार जोरात पडते," हे त्यांचं शास्त्र. धार पडली नाही, फट् असा आवाज मात्र तीनदा झाला होता.

शिवणाच्या मशीनवर एक काळा कोट पसरला होता. पुतणी नुकतीच वकील झालेली. सोमवारी तिचा कोर्टातला पहिला दिवस आणि कोट काकूंच्याच हातचा हवा, हा तिचा हट्ट. पण काळ्या कापडावर काळा धागा काकूंना दिसेना. एक बाही दोनदा उसवून झाली होती.

"हा कोट झाला की मशीन देऊन टाकते कुणाला तरी," काकू म्हणाल्या. "नजरच राहिली नाही आता."

काकांनी कोटावर वाकून पाहिलं. मग म्हणाले, "नजरेला काही झालेलं नाही. उजेड कमी आहे. मी करतो."

"नको," काकू घाईनं म्हणाल्या. मागच्या वेळी काकांनी 'मी करतो' म्हटलं, तेव्हापासून फ्रिज उघडला की दारावरची घंटा वाजत होती.

पण काका ऐकतात थोडेच! त्यांनी पुडीतून पहिला उचलला माझा थोरला भाऊ, सत्तेचाळीस हजार ओहमचा. त्याचे पहिले दोन पट्टे माझ्यासारखेच, तिसरा तेवढा नारिंगी. तो विजेला जवळजवळ घरातच घेत नाही. एलईडी लागला, पण लागलाय की नाही ते बघायला टॉर्च आणावा लागला. मग धाकट्याची पाळी. तो सत्तेचाळीसचा, तिसरा पट्टा काळा. त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. एलईडी फुटला आणि धाकटा ओळखू येणार नाही इतका काळाठिक्कर पडला.

मग माझा नंबर लागला. काय लखलखाट पडला, सांगू! "बघ, कशी धार लागली!" काका ओरडले. मी मात्र आतून भाजून निघत होतो. त्यांनी मला मशीनच्या अंगाला चिकटपट्टीनं लावलं होतं. दहा मिनिटांत पट्टी सुटली, मी खाली लोंबकळलो आणि कोटाच्या अस्तराला माझा चटका बसला. मुगाच्या दाण्याएवढं भोक! लाजेनं मी आणखीच तापलो.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे कात्री खाली ठेवली. काकांचा चेहरा उतरला.

"अहो, जोडण्याआधी काही मोजलं होतं?"

"त्यात काय मोजायचं? अंदाज आहे मला."

"मी अंदाजानं कापड कापलं असतं, तर अर्धं गाव एका बाहीनं फिरलं असतं."

त्यांनी मला आणि चार्जरला रुमालात बांधलं आणि काकांना घेऊन त्याच दुकानात गेल्या. बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "सप्लाय एकोणीसचा. पांढरा एलईडी घेतो तीन. मग उरलेले सोळा व्होल्ट कुठे जाणार? ह्या बिचाऱ्याच्या डोक्यावर! ह्याला झेपतं पाव वॅट. तुम्ही त्याच्या दुप्पट लादलंत."

बिचारा! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझी विचारपूस केली.

"घरात बारा व्होल्टचं काही आहे का?"

"बंद पडलेल्या राउटरचा अॅडॉप्टर आहे," काकू म्हणाल्या.

"छान. बारातून तीन गेले, राहिले नऊ. एलईडीला लागतो अँपिअरचा पन्नासावा भाग. म्हणजे नऊ गुणिले पन्नास, साडेचारशे ओहम. तेवढा सहसा मिळत नाही, म्हणून पुढचा घ्यायचा. चारशे सत्तर. हाच!"

"शिलाईसाठी थोडं कापड जास्त सोडतो, तसं," काकू म्हणाल्या.

"पण अॅडॉप्टरवर एक अँपिअर लिहिलंय," काकांनी तोंड उघडलं. "एवढासा दिवा जळून जाईल की!"

"गच्चीवरच्या टाकीत हजार लिटर पाणी असतं ना? नळाखाली पेला धरला तर हजार लिटर पेल्यात येतं का?"

काकांनी कपाळावर हात मारला. "अरेच्चा! म्हणजे व्होल्ट हा दाब, तो अँपिअरचा आकडा म्हणजे टाकी आणि ही गोळी म्हणजे अर्धवट पिळलेला कॉक! हे मघाशीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही 'मोठा द्या' म्हणून पळालात."

बाईंनी चार नवे एलईडी आणि माझ्यासारखेच आणखी तिघे दिले. प्रत्येक एलईडीला त्याचा स्वतःचा रेझिस्टर. घरी काकूंनी टेप लावून सुईपासूनचं अंतर ठरवलं, काकांनी तारांना सोल्डरचे डाग दिले. आम्हा चौघांना कापडापासून लांब, पत्र्याच्या डबीच्या झाकणात बसवलं. बटण दाबताना काकांनी डोळे मिटून घेतले होते.

फट् झालं नाही. काळ्या कापडावरचा काळा धागा एकेक टाक्यानं वेगळा दिसू लागला. काकूंनी बाही लावली, ती एकदाच. आणि त्या भोकावर त्यांनी आतून छोटासा खिसा शिवला.

रविवारी पुतणीनं कोट घातला आणि उडीच मारली. "काकू, पेनासाठी आतला खिसा! असा कुणाच्याच कोटाला नसेल."

काकांना जोराचा ठसका लागला.

मशीन कुणाला देण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आता मी रोज कोमट असतो, भाजत नाही. माझी सगळ्यांना एकच विनंती आहे. दिवा जोडण्याआधी एक वजाबाकी आणि एक गुणाकार करा. आमचे जीव वाचतील, शिवाय तुमची अस्तरंही.

आणि अजून एक गोष्ट, जरा खासगीतली. महिन्यातून एकदा काकू मुद्दाम म्हणतात, "अहो, उजेड जरा कमी वाटतोय का हो?" काका लगेच चष्मा लावतात, डबी उघडतात, मोजणी करतात, प्रत्येक तार हलवून बघतात आणि तासाभरानं विजयी मुद्रेनं झाकण लावतात. "आता बघ!" काकू म्हणतात, "हां, आता कसं झकास!"

उजेड तेवढाच असतो. मला काहीसुद्धा झालेलं नसतं, मी ठणठणीत आहे. पण कृपा करून हे काकांना सांगू नका.