नेत्रज्योत केबल

रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या सेलारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हैदराबादेत इमारतीखालच्या पार्किंगला सेलार म्हणतात. एरवी तिथे स्कूटर आणि मांजरं असतात. त्या दिवशी अर्धा बरकतपुरा मोहल्ला तिथे लोटला होता. गाड्या बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या होत्या. समोरच्या टेबलावर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे दोन टीव्ही आणि तसेच दोन सेट-टॉप डबे होते, आणि दोन्ही पडद्यांवर एकच पोपट होता. डावीकडचा पोपट आठवडाभर तापाने पडून असल्यासारखा मरगळलेला, तर उजवीकडचा इतका हिरवागार की एक आजी त्याला पेरू दाखवत होत्या.

"पोपट वही, डबा वही, टीव्ही वही," विकी म्हणाला. "फरक कशाचा? फक्त तारेचा." डावीकडच्या टीव्हीला साधी काळी केबल होती. उजवीकडच्या टीव्हीमागून आलेली सोनेरी, वेणी घातलेली केबल त्याने दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. सेलारमधून "अरे वा" असा आवाज उठला.

ह्या विकीचं सुलतान बाजारात दुकान आहे म्हणे. ते पाहिलेलं कुणी मला अजून भेटलेलं नाही. पांढरा कुर्ता, गळ्यात रुद्राक्ष आणि कमरेला खोचलेला रिमोट, असा त्याचा थाट होता.

"साध्या केबलीत काय असतं, आज्जी? अशुद्ध लहरी," तो सांगत होता. "त्या डोळ्यांत घुसतात आणि जाळी धरते. ही नेत्रज्योत केबल. बाहेर चोवीस कॅरेट सोनं, आतली तार बद्रीनाथच्या तांब्याची. लहर गाळून येते, डोळा आपोआप धुतला जातो. चष्मा नक्को, ड्रॉप नक्को, ऑपरेशन तर बिलकुल नक्को. हौ की नै?"

"हौ," सगळे एका सुरात म्हणाले.

मी अंबरपेठेच्या शाळेत जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. बद्रीनाथला तांब्याची खाण असल्याचं आमच्या भूगोलाच्या बाईंनीही कधी सांगितलं नव्हतं. पण तोवर विकीने साक्षीदार उभा केला होता. साक्षीदार म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले मुकुंदराव. ते खुर्चीच्या पाठीला धरून उठले आणि म्हणाले, "खंडेनवमीला आमच्याकडे ही केबल बसवली. आता मला अगदी स्वच्छ दिसतं."

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, अनुराधाबाईंनी, मान खाली घातली.

आदल्याच दिवशी त्या माझ्याकडे येऊन रडल्या होत्या. "ताई, ते चहा बशीत ओततात तो बशीबाहेर जातो. परवा पेटत्या गॅसवर हात टेकणार होते. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, ती केबल आल्यावर रद्द केली. म्हणतात, दोष तारेत होता, डोळ्यांत नव्हताच."

मी लगेच त्यांच्याकडे गेले होते. मुकुंदरावांची खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढ्यात सरकवलेली, आणि टीव्ही इतका भडक की बातम्या देणारी बाई उन्हाने भाजल्यासारखी दिसत होती. त्यांचा मुलगा कौस्तुभ अमेरिकेतल्या बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. मी त्याला म्हटलं, "ही काढून जुनी केबल लाव बघू."

"नको मावशी. खंडेनवमीची पूजा झालीय तिची," तो म्हणाला. केबलच्या टोकाला हळदकुंकवाची बोटं होती. "पूजेतली वस्तू हलवत नाहीत. बसवताना विकी सरांनी दिवे घालवून सगळ्यांना डोळे मिटून कुलदैवत आठवायला सांगितलं, आणि म्हणाले, दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही, नाहीतर ज्योत उतरते."

खंडेनवमीला ह्यांच्याकडे शिवणयंत्रापासून लॅपटॉपपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, आणि पूजेला मांडलेलं यंत्र दसऱ्यापर्यंत कुणी उठवत नाही. विकीने ती रीत नेमकी हेरली आणि दसऱ्याची मुदत दिवाळीपर्यंत लांबवली. केबल काढायचीच नाही म्हटल्यावर कुणी ती जुन्या केबलशी ताडून बघणार कशी? बदमाशाची अक्कल वाखाणावी तेवढी थोडी.

म्हणून रविवारी टाळ्या थांबल्यावर मी उभी राहिले.

"विकी, इथल्या ह्या दोन केबलींची पूजा झालीय का?"

"नै टीचरम्मा, ह्या नुसत्या डेमोच्या."

"मग अदलाबदल कर. सोनेरी डावीकडे लाव, काळी उजवीकडे."

तो हसला, पण जरा उशिरा हसला. "तसं नै होत. केबलला टीव्हीची सवय लागते. एकदम बदलली तर झटका बसतो."

"टीव्हीला बसतो की तुला?" मी विचारलं. "कौस्तुभ, तू इंजिनिअर आहेस ना? ये इकडे."

कौस्तुभ नाइलाजाने पुढे आला आणि त्याने केबली बदलल्या. दोन्ही पडदे क्षणभर काळे झाले आणि पोपट परत आले. सोनं लावूनही डावीकडचा पोपट मरगळलेलाच होता, आणि काळ्या केबलीवर उजवीकडचा तसाच हिरवागार होता.

"अय्यो, पोपट तर जिथल्या तिथेच आहेत," पेरूवाल्या आजी म्हणाल्या.

"जरा थांबा, सोन्याला तापायला वेळ लागतो," विकी म्हणाला. मी हात पुढे केला तसा त्याने रिमोट कमरेला घट्ट धरला. तेव्हा पब्लिकमधूनच कुणीतरी ओरडलं, "देता की नै देता?" मग त्याने दिला.

कौस्तुभने मेनू उघडला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. डावा टीव्ही वीज वाचवण्याच्या मोडवर होता, रंग अगदी तळाला. उजवा दुकानात मांडायच्या मोडवर, सगळं काही टोकाला. त्याने डाव्या टीव्हीसाठी रिमोटची चार-दोन बटणं दाबली आणि तिथला पोपट जागच्या जागी बरा झाला.

"ह्या केबलीतून चित्र आकड्यांच्या रूपाने जातं," मी वर्गात सांगायची तसं सांगितलं. "आकडे नीट पोचले तर चित्र जसंच्या तसं येतं. नाही पोचले तर ठिपके नाचतात, चित्र तुटतं, पडदा काळा पडतो. पोपट फिका होत नाही. रंग कमीजास्त करतो टीव्ही, आणि टीव्हीला हुकूम देतो रिमोट. घरी केबल बसवताना दिवे घालवून, डोळे मिटून कुलदैवत आठवायला तुम्हाला कुणी सांगितलं? तेव्हा रिमोट कुणाच्या हातात होता?"

सगळ्यांचे डोळे विकीकडे वळले. तो वायरी गुंडाळू लागला होता.

"टीचरम्मा, लोकांच्या श्रद्धेला कायकू हात लावता?"

"श्रद्धेबद्दल मी चकार शब्द काढला नाही. मी रिमोटबद्दल बोलतेय."

"मग केबल घ्यायची तरी कोणती?" कुणीतरी विचारलं.

"डब्यापासून टीव्हीपर्यंत पुरेल एवढीच लांब घ्या. टीव्ही फोर-के असेल तर पाकिटावर प्रीमियम हाय-स्पीडचं लेबल आहे का ते बघा. लांबवर न्यायची असेल तर दर्जा जास्त बघावा लागतो. आणि आहे त्या केबलीवर चित्र नीट येत असेल तर काहीच घेऊ नका. सोनं घालायचंच असेल तर गळ्यात घाला."

लोक हसले. मी स्वतःवर बरीच खूश होते, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात पुढच्या रांगेतून मुकुंदरावांचा आवाज आला.

"सुजाताताई, कुठला पोपट हिरवा आहे?"

"आता दोन्ही हिरवे आहेत."

"आणि मघाशी?"

"मघाशी फक्त उजवीकडचा होता."

"मला मघाशीही दोन्ही सारखेच दिसत होते," ते म्हणाले. "धुक्यात काहीतरी हिरवट."

मी त्यांच्याजवळ गेले. मुकुंदराव हळूच म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर गेला. परभणीला, मी शाळेत होतो तेव्हा. दोष तारेत निघाला तर बरंच, असं वाटलं. म्हणून दिसतंय, दिसतंय म्हणत राहिलो."

अनुराधाबाईंनी त्यांचा हात धरला. "अहो, निदान मला तरी सांगायचं."

मला फार वाईट वाटलं, आणि विकीचा संतापही आला. त्याने भंगार तार सोन्याच्या भावात विकली ह्याचा नव्हे. घाबरलेल्या माणसाला जे ऐकायचं होतं तेच त्याने विकलं, आणि त्यापायी त्या माणसाचे डोळे पणाला लावले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. ती म्हणाली, "काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आणखी थांबला असतात तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकली असती." भावाची गोष्ट तिने न हसता ऐकून घेतली. तेव्हाचं ऑपरेशन कसं व्हायचं आणि आता कसं होतं ते डोळ्याचं मॉडेल त्यांच्या हातात देऊन समजावलं. मुकुंदराव तयार झाले.

एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी त्यांना भेटायला गेले. सोनेरी केबल कौस्तुभने दिवाळीची वाट न बघता काढून टाकली होती आणि ज्योतबीत काही उतरली नव्हती. खुर्ची मागे भिंतीला टेकलेली होती. टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

"अगं, ही खालची पट्टी रोज असते?" मुकुंदरावांनी विचारलं.

"रोज असते," अनुराधाबाई म्हणाल्या.

"अक्षरं आहेत त्यात." मग ते सरकणारी पट्टी मोठ्याने वाचू लागले. कांद्याचे भाव, मुसी नदीचं पाणी, कुठल्याशा मंत्र्याचा दौरा, काही म्हणून सोडलं नाही. कौस्तुभ, अनुराधाबाई आणि मी ऐकत राहिलो. अनुराधाबाई डोळे पुसत होत्या.

वाचकहो, माझं मागणं फार मोठं नाही. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्याला अदलाबदल करायला सांगा, आणि तो नको म्हणाला तर का नको ते विचारा. भीती वाटत असेल तर ती घरच्यांना सांगा, डॉक्टरांना सांगा, विकणाऱ्याला सांगू नका. आणि टीव्ही धूसर दिसू लागला तर शेजारच्या माणसाला एवढंच विचारा, की तुलाही धूसर दिसतोय का. तो नाही म्हणाला, तर त्याच दिवशी डोळे तपासून घ्या.