अर्धी मिशी आणि मागचं चाक

पैज लागली ती मिशीवर.

ट्रकच्या मागच्या चाकांतली किंचाळी मेकॅनिक उस्तादला बाराच्या भोंग्याआधी सापडली, तर त्याच्या टपरीसमोरचा शिंपी भर रस्त्यात न्हाव्याच्या खुर्चीत बसून अर्धी मिशी उतरवणार. नाही सापडली, तर उस्तादची जाणार. अट एकच, कुणाची मदत घ्यायची नाही.

"अर्धीच का?" न्हाव्याने विचारलं.

"पूर्ण काढली तर हा बरा दिसेल की," शिंपी म्हणाला.

गल्ली हसली. उस्तादही हसला, पण नाइलाजाने. कारण ती किंचाळी त्याला ऐकूच येत नव्हती.

वर्षभरात त्याचा उजवा कान पार गेला होता आणि डाव्याला बारीक, चिरके आवाज लागत नव्हते. इंजिनची धडधड, हातोडीचा ठोका, शिंप्याचे टोमणे सगळं कळायचं, चिरकं काही असलं की गुल. मेकॅनिकचा कान गेला म्हणजे आचाऱ्याची जीभ गेली. सांगणार कुणाला? काल मेहुणा ट्रक घेऊन आला, "दाजी, मागून किंचाळतंय" म्हणाला, तेव्हा याने डोळे मिटले, गाण्याला बसल्यासारखी मान डोलावली आणि ठोकून दिलं, "बेरिंग." डाव्या चाकाचं बेरिंग बदललं. आज सकाळी मेहुणा परत दारात. ट्रक वळणावर यायच्या आधीच कुत्री भुंकायला लागली.

आणि दुपारी त्याला काचेचा माल भरून घाट उतरायचा होता.

उस्ताद ट्रकखाली शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला. जॅक लावून चाकं हाताने फिरवली. वेळ जात होता. ट्रक कोपऱ्यापर्यंत नेऊन आणला आणि चाकांतल्या ब्रेकच्या ड्रमना हात लावून पाहिला, एवढ्याशा फेरीत दोन्ही जेमतेम कोमट. म्हणजे उजवं असेल, डावं असेल, ब्रेक असेल, मधला गिअरचा डबाही असेल. हातात पाना घ्यायचा, ठेवायचा, पुन्हा घ्यायचा. हातातलाच पाना शोधत तो दोनदा टपरीपर्यंत जाऊन आला.

"काय, सापडली का?" शिंपी मशीनवरून ओरडला.

"तू आरसा पुसून ठेव."

साडेअकरा झाले तेव्हा त्याची नजर तेलाच्या कॅनवर गेली. दोन्ही ड्रममध्ये धार सोडायची. आवाज गपगार, पैज खिशात, शिंपी खुर्चीत. अशा थापा त्याने आयुष्यभर पचवल्या होत्या. उलटं चालणारं घड्याळही गोड बोलून विकलेला माणूस होता तो. कॅन उचलून तो चाकाजवळ बसलासुद्धा.

मेहुणा केबिनमध्ये पाय बाहेर टाकून घोरत होता. एका मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. तेल लागलेला ब्रेक घाटात काय करतो ते उस्तादला चांगलं ठाऊक होतं. काही करत नाही, हाच त्याचा दोष.

त्याने कॅन खाली ठेवला. मग पुन्हा उचलून टपरीच्या मागे, हात पोचणार नाही अशा जागी नेऊन ठेवला.

"अगं, जरा खाली ये," त्याने वरच्या खोलीकडे बघत हाक मारली.

बायको हात पुसत आली.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. हळू म्हणायचं होतं, पण आपला आवाज किती आहे हे त्याला कुठं कळत होतं. गल्लीने ऐकलं. शिंप्याचं मशीन थांबलं.

"आठ महिने झाले," बायको म्हणाली. "कूकरच्या शिट्ट्या वाजतात आणि तुम्ही शेजारी पेपर वाचता. मला वाटत होतं आळस आहे. काय ऐकायचंय?"

"अट मोडली," शिंपी म्हणाला.

"मोडली. गप्प बस, तिला ऐकू दे."

उस्तादने मेहुण्याला उठवलं. ट्रक पायी चालल्यासारखा निघाला आणि उस्तादची बायको मागच्या चाकांच्या बाजूने, पदर खोचून, कान देत चालली.

"उजव्या चाकात आहे. पोर रडल्यासारखं."

"आता ब्रेक हलकेच दाब रे," उस्ताद मेहुण्याला ओरडला.

"थांबलं."

"सोड."

"परत सुरू."

उस्तादने डोक्याला हात लावला. बेरिंग असतं तर ब्रेकने गप्प बसलं नसतं, हे त्याने पंधरा जणांना शिकवलं होतं. उजवा ड्रम उघडला. ब्रेकचा शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारा तुकडा, मागे ओढणारी स्प्रिंग तुटली होती. शू सतत ड्रमला घासत होता आणि त्याचं अस्तर झिजून पितळी रिबिटं चमकत होती. ड्रमवर नखाएवढी खोल रेघ पडली होती.

मेहुणा वाकून बघत राहिला. "दाजी, हे काल..."

"काल मी थाप मारली. तू आज उशिरा निघ, पण धड ब्रेक घेऊन निघ."

बाराचा भोंगा वाजला. तो मात्र उस्तादला छान ऐकू आला. नवे शू आणि स्प्रिंग बसवून, ड्रम घासून साफ करून होईपर्यंत दीड वाजला. मेहुण्याने तीन चकरा मारल्या. बायकोने तिन्ही वेळा मान हलवली, काही नाही. मग ट्रक काच भरायला गेला, आणि उस्ताद हात न धुता खुर्चीत जाऊन बसला. अख्खी गल्ली जमली. शिंप्याने कात्री ठेवून आरसा धरला होता.

"कुठली बाजू?" न्हाव्याने विचारलं.

"उजवी. जिथं मिशी नाही, तिकडून कुणी माझ्याशी बोलायचं नाही."