गुडघ्यावरची पट्टी

तो थेंब शाईचाच होता—तिनं एकदा बोट ओलं करून चोळूनही पाहिला होता—तरी चांगुणाला तो दरवेळी खरा वाटायचा. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, मोठाल्या डोळ्यांच्या त्या पोरीच्या गालावर. वरच्या चौकटीत दारात उभी असलेली आई. खालच्या चौकटीत रेल्वेचा फलाट, पायाशी एक पिशवी, आणि ही एकटी... पुढं काही नाही, नुसता पुठ्ठा.

शेतकऱ्यांच्या सोसायटीनं जपानहून नांगरणीचं यंत्र मागवलं, तेव्हा त्याच्या खोक्यातल्या भुशात हे चित्रांचं पुस्तक निघालं होतं. सलग दुसरं साल कोरडं, जमीन दगड झालेली, त्यामुळं यंत्र गोणपाटाखाली आराम करत होतं. पुस्तकाला मात्र उसंत नव्हती. नळदुर्गच्या त्या गोडाऊनात झाडलोट करणारी चांगुणा, हमाल महारुद्र आणि चहा घेऊन येणारी शरणम्मा, तिघं दुपारी रिकाम्या पोत्यांवर बसून त्या पोरीवरून कडाकडा भांडत. जपानी अक्षर एकालाही लागत नव्हतं, पण चित्रं दिसत होती ना! पहिल्याच पानावर पोरगी बक्षिसाचा कप घेऊन उभी, आई तिला मिठी मारतेय. मग शर्यतीत धावणं, मग पडणं, मग रिकामं मैदान, आणि शेवटी हा फलाट.

"कप डोक्यात गेला तिच्या," महारुद्र आजही म्हणाला. "पडली, तोंड दावायची सोय न्हाय, म्हणून गाव सोडलं."

"अय्यो, पोरीला कशाला बोल लावतोस? आईचीच चूक हाय. दारातनं जाऊच कशी दिली?" शरणम्मा म्हणाली.

चांगुणा आज नुसती कमरेच्या पिशवीशी चाळा करत राहिली. एरवी ती त्या आईची बाजू घेऊन तावातावानं बोलायची. त्या आईला मी ओळखते, तिला वाटायचं, ती दारात कशी उभी आहे ते मला ठाऊक आहे... त्या पिशवीत दहा दिवसांपासून घडी घातलेला फॉर्म होता. लेकीचा, केशरचा, सोलापूरला नर्सिंग शिकायला जायचा. बाप नाही, म्हणून सही आईचीच हवी. आणि उद्या शेवटची तारीख. रोज सहीला बसावं, आणि रोज तो फलाट डोळ्यांपुढं यावा—कागदावरच्या पोरीपायी आपण पोटच्या पोरीला अडवतोय, हे कुणाला सांगायचीही तिला लाज वाटत होती. केशर नुसती भाकरी थापताना आईकडं बघायची.

एक गोष्ट मात्र चांगुणाला पहिल्यापासून खटकत होती. कप घेताना पोरीच्या गुडघ्यावर पांढरी पट्टी होती, धावतानाही होती. आणि पडताना गुडघा कोरा. पडायच्या आधीच पट्टी कशी? "चित्र काढणारा चुकला," म्हणून शरणम्मानं तो विषय कधीच मिटवला होता.

इतक्यात श्रीपती तात्या आले. गोडाऊनचे म्हातारे राखणदार, मोतीबिंदू काढून महिन्यानं कामावर आलेले, नाकावर जाडजूड नवा चष्मा. काय भांडताय म्हणून त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि पाठीमागून उघडलं.

महारुद्र खो खो हसला. "तात्या, उलटं धरलंय!"

"उलटं कसं? निजामाच्या शाळंत शिकलोय म्या. उर्दूचं पुस्तक हितूनच उघडायचं." तात्यांचं बोट सवयीनं उजवीकडून डावीकडं सरकत गेलं. "ही बघा, घरातनं निघाली. रडती बिचारी... हितं पडली. आई गं, गुडघा फुटला! बांधली पट्टी. आता पळतीया... आली की पैली! अन् माय बी आली हितं."

तिघंही पुस्तकावर वाकली. शरणम्माच्या हातातला चहा निवत होता.

"पर हे उर्दू न्हाय, तात्या. जपानी हाय," महारुद्र म्हणाला.

"मग जपानी काय तुला येती व्हय?"

झालं, पुन्हा जुंपली. चांगुणाला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं. कोण खरं, कोण खोटं... तात्यांचीही सवयच ती, जशी आपली. पण पट्टी—पट्टी आता जागेवर बसत होती. आणि ती घाबरलीच. कारण आता फलाटाचं निमित्त उरत नव्हतं, आता तिला खरोखरच ठरवावं लागणार होतं. परक्या गावात पोर पडणार, रडणार. तिथं तिला पट्टी कोण बांधील?... आणि तिला एकदम हसू आलं. पट्टी बांधायलाच तर केशर शिकायला निघाली होती!

"येडी का काय, हसतीस कशापायी?" शरणम्मानं विचारलं.

चांगुणानं मान हलवली. पुस्तक तात्यांच्या बाजूनं उघडलं. फलाट तोच होता, पिशवी तीच, गालावरचा थेंबही तसाच. तिनं त्यावर अंगठा ठेवला, आणि त्याच्यापुढं किती पानं आहेत ते दुसऱ्या हाताच्या बोटांनी सावकाश चाचपून पाहिलं.