एका पातेल्याभोवतीचे चौघे

बबिताला आता त्या चौघांकडे बघवत नव्हतं. गेली तीन वर्षं परभणीच्या शेडमध्ये तिनं दुसरं काही केलं नव्हतं. लोखंडी होडीत बसलेले चार बोडके खलाशी, मध्ये पातेलं, आणि चौघांचेही हात पातेल्यापासून मागं घेतलेले. शेहेचाळीस सालच्या आरमारी बंडाचं तिनं घडवलेलं हे शिल्प. निकृष्ट जेवण नाकारून हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती पोरं मुंबईत इंग्रजांविरुद्ध एकत्र उभी राहिली होती. बबिताचे आजोबा त्यांतलेच. नोकरी गेली तसे ते पेडगावला परतले आणि जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबले.

शिल्प चौकात न्यायची वेळ आली, तेव्हा स्मारक समितीचे अध्यक्ष भागवतराव म्हणाले, "ताई, कोण कुठल्या धर्माचा तेच कळंना झालंय. एकाला टोपी लावा, एकाला पगडी, एकाच्या गळ्यात क्रूस, एकाला गंध. लोकांना एकी दिसली पायजे."

"जहाजावर सगळ्यांचे कपडे एकच असायचे."

"ते खरं हो. पण लोकं इचारायलेत."

याआधी त्यांनी होडी लहान करायला लावली होती, चौथरा बदलायला लावला होता. भांडायचं त्राण आता तिच्यात उरलं नव्हतं. ती 'बरं' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वेल्डर मुजीबभाईंनी पत्र्याची टोपी कापून आणली. एकाच्या डोक्यावर धरून बघितली, मग दुसऱ्याच्या.

"कुणाला लावू, मॅडम?"

"तुमीच ठरवा."

"मला तर चौघं बी उपाशी दिसायलेत," असं म्हणत त्यांनी टोपी खाली ठेवली आणि ते चहाला गेले.

बबितानं भागवतरावांना फोन लावला. "टोपी कुणाला लावायची ते तुमीच या आणि बोट ठेवून दाखवा."

ते दुपारी आले. शिल्पाभोवती फेरी मारली, पुन्हा मारली. शेवटी चौघांतल्या एकट्या दाढीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "याला लावा."

"ते माझे आजोबा आहेत."

भागवतरावांनी हात काढून घेतला. ते तिथल्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "चार लोकांना तोंड मला द्यावं लागतं, ताई. मी बी लय थकलोय."

"मग राहू द्या ना."

"राहू देऊ. पण उद्घाटनाला कुणी यायचं न्हाई."

"नाही आले तरी चालेल."

आणि खरंच कुणी आलं नाही. क्रेननं शिल्प चौकातल्या बसथांब्यासमोर उतरवलं, मुजीबभाईंनी नटबोल्ट आवळले, झालं. फक्त बबिताचे वडील, पंडितगुरुजी, पेडगावहून आले होते. रुमालानं त्यांनी दाढीवाल्याच्या तोंडावरची धूळ पुसली.

"आबा एवढे भरलेले नव्हते," ते म्हणाले.

"तेव्हा विशीतले होते ते, अण्णा."

"असंल. मी त्यांना तसं कधी बघितलंच न्हाई."

ते होडीच्या काठावर टेकले. बबिताही शेजारी बसली. तिचे खांदे ठणकत होते. बाजार करून निघालेल्या दोघी बायका पिशव्या घेऊन होडीच्या पलीकडच्या काठावर येऊन बसल्या, पाय लांब केले. पेडगावची बस आली, ती खचाखच भरलेली होती.

"जाऊ दे," अण्णा म्हणाले. "दुसरी येईल."