सकाळची पाच मिनिटं

"हलू नकोस," सुचित्रा म्हणाली, आणि प्रतापच्या शर्टाचं तिसरं बटण तिच्या बोटांतून पुन्हा निसटलं. "दहाला अजून अर्धा तास आहे. तू खिडकीतून बघत राहिलास म्हणून ती बाई लवकर येणार आहे का?"

प्रताप थांबला, म्हणजे पाय तेवढे थांबले. नजर खाली बसस्टॉपकडे गेलीच. बावन्न वर्षांचा हा माणूस जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. तीन वर्षांपूर्वी एका पंपात उजवा हात सापडला आणि बोटं राहिली ती नावापुरती. तेव्हापासून युनियनच्या विम्यातून महिन्याला पैसे येत होते, आणि बुकित बातोक या उपनगरातल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये प्रताप दिवसभर फेऱ्या मारत होता. फ्रिजपाशी थांबायचं, डाव्या हाताची मागची बाजू त्याला लावून मोटर कशी चालतेय ते बघायचं, मग वॉशिंग मशीन, मग पुन्हा फ्रिज. इंजिनरूम सुटली तरी राउंड काही सुटला नव्हता. सुचित्राला कधी त्याचं हसू यायचं, कधी रडू. सकाळी बटणं लावायची पाच मिनिटं तेवढा तो तिच्यासमोर एका जागी उभा असायचा.

आज विम्याच्या मिस गोह येणार होत्या. आजवरचा नियम सरळ होता: कुठे पगार सुरू झाला की विमा बंद. आता नवी सवलत निघाली होती. सहा महिने काम करून बघा, तोवर विम्याचे पैसे चालू राहतील. नाही जमलं तर गुमान परत या. जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये दुरुस्त झालेले पंप चालवून, त्यांचा आवाज ऐकून पास करायला माणूस हवा होता. प्रतापचं सगळं आयुष्य तेच ऐकण्यात गेलं होतं. पण त्याचा विश्वास बसत नव्हता.

"एकदा 'येतं' म्हटलं ना, की लिहून ठेवणार ते," तो म्हणाला. "सहा महिन्यांनी तोच कागद काढतील. मग काम पण गेलं आणि विमा पण."

"पपा, यू वॉन्ट टू गो ऑर नॉट? जस्ट टेल हर लाह," कॉलेजला निघालेली श्रिया बूट घालता घालता म्हणाली आणि लिफ्टकडे पळाली. सोळा-सतरा वर्षांच्या वयात सगळं एवढंच सोपं असतं.

मिस गोह बरोबर दहाला आल्या. चपला दाराबाहेर काढल्या, पाणी घेतलं, फॉर्म उघडला. तीन वर्षं प्रत्येक फॉर्म काय येत नाही ते विचारायचा, आणि ती उत्तरं प्रतापला तोंडपाठ होती. हा फॉर्म काय येतं ते विचारत होता.

"कपडे स्वतः घालता?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मी घालून देते," सुचित्राच्या तोंडून गेलं. सवयच होती ती. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

प्रताप उठला. फ्रिजला हात लावून परत आला, पण बसला नाही. त्याची पडलेली मान बघून सुचित्राचा जीव तुटला.

तिला माहीत होतं. गेले चार महिने तो रोज दुपारी बाथरूममध्ये नळ सोडून अर्धा अर्धा तास बसायचा. एकदा दार नीट लागलं नव्हतं. जहाजावरचा जुना बॉयलर सूट अंगावर चढवून तो आरशासमोर बटणं लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता. ती पाऊल न वाजवता मागे फिरली होती. विमा जाईल या भीतीने बोलली नाही, असं ती स्वतःला सांगायची. सकाळची पाच मिनिटं जातील, ही भीती मात्र तिने स्वतःलाही सांगितली नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. "ते खोडा. त्याला येतात बटणं लावता. वेळ लागतो, पण येतात."

मिस गोहंचं पेन थांबलं. "मागच्या तपासणीत 'नाही' लिहिलंय."

"तेव्हा येत नव्हती. नंतर शिकला."

"मग मला सुधारणा लिहावी लागेल. सहा महिने पैशांना धक्का नाही. त्यानंतरचं मी आज सांगू शकत नाही."

सुचित्राने प्रतापकडे बघितलं.

"लिहा," तो म्हणाला, आणि उभ्या उभ्याच डाव्या हाताने सही केली.

मिस गोह गेल्यावर त्याने विचारलं, "तुला कसं कळलं?"

"नळ सोडून रोज अर्धा तास कोणी तोंड धूत नाही."

तो हसला. "मग रोज सकाळी लावत का होतीस?"

सुचित्रा ग्लास उचलून आत गेली.

सोमवारी, वर्कशॉपच्या पहिल्या दिवशी, ती पोळ्या करत होती तेव्हा तो शर्ट घालूनच बाहेर आला. तिचे हात सवयीने पुढे झाले आणि तिने ते ओढणीला पुसले. दुसऱ्या बटणापासून सगळी ओळ एका काजाने चुकली होती. कॉलर एकीकडे वर आली होती.

"डबा घेतलास?" एवढंच ती म्हणाली.

तो गेल्यावर ती कॉरिडॉरच्या कठड्याशी येऊन उभी राहिली. खाली बसस्टॉपच्या काचेत प्रतापला आपला शर्ट दिसला असावा. त्याने डबा बाकावर ठेवला, एकेक करत सगळी बटणं काढली आणि पहिल्यापासून लावायला घेतली. बस आली, दार उघडून थांबली आणि निघून गेली. त्याने मान वर केली नाही. तो अगदी एका जागी उभा होता.

वरून सुचित्राने हाक मारली नाही.