राणीसरकारांची ताटली

राणीसरकारांनी मान फिरवली आणि चमच्यातलं खाणं दातवाल्याच्या पँटवर सांडलं. सकाळपासून हेच चाललं होतं. या म्हाताऱ्या मांजरीचे किडलेले दात काल काढले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं : मांजरखाण्याचे दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ करा, दूध नको, गरम नको, तोंडात कोंबू तर मुळीच नका. संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर परत घेऊन या. परत गेली की पुन्हा भूल आणि खाणं भरवायला पोटात नळी. या वयात तिला ते झेपेल का, याची खात्री डॉक्टरांनीही दिली नव्हती. तेच दातवाल्याच्या जिवाला लागलं होतं.

दातवाला हे नाव त्याला गल्लीने दिलेलं. पुढच्या खोलीत तो कवळ्या बनवायचा. अर्ध्या गावाचं हसू आपल्या हातचं, असं तो म्हणे, आणि त्यात खोटं फारसं नव्हतं. गिऱ्हाईक का-कू करू लागलं की तो आत हाक मारी, "आई, जरा हसून दाखवा." मग त्याच्या सासूबाई, राणीसरकारांना कडेवर घेऊन, दारात येऊन झकास हसून दाखवत. कवळी त्याची, मांजर त्यांची.

आता त्या दारात उभ्या होत्या, पण हसत नव्हत्या.

"जावईबापू, सरका बघू. चारताय की तोंडाचं माप घेताय?"

त्यांनी वाटीतला एक दाणा बोटांत दाबला.

"हे बघा. वरून लोणी, आत टणक. हाच कण नेमका दुखऱ्या जागी बसतो आणि डोळ्यांत पाणी येतं."

आणखी पाणी घालून त्यांनी ते कालवलं, चहाच्या गाळणीतून दाबून काढलं आणि पसरट ताटलीत पातळ पसरलं. मनगटाला लावून कोमट असल्याची खात्री केली. मग ताटली जमिनीवर ठेवून स्वतः लांब झाल्या.

"तिकडे बघू नका. कुणी बघत असलं की घास उतरत नाही. जिभेने टाळूवर दाबायचं आणि गिळायचं. चावायचं नावच काढायचं नाही. होते सवय."

दातवाला हसला. मग त्याचं हसू विरलं. मांजर कुठे टाळूवर दाबून खाते? ती चाटते.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर सासूबाई एकट्या जेवत. मला निवांत लागतं, म्हणत. ती गाळणीही चहाच्या भांड्याजवळ नसायची, त्यांच्या वाटीजवळ असायची. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो विचारी, टोचतं का कुठे? यांना त्याने फक्त हसायला सांगितलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली लपलप आवाज येऊ लागला. राणीसरकारांनी अर्धी ताटली साफ केली होती. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"आई, कवळी द्या जरा. पॉलिश करतो."

"चकाकते आहे की चांगली."

"द्या हो."

त्यांनी पाठ फिरवून कवळी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्याने खालच्या कवळीच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. डाव्या बाजूला तो अडला. कड चांगलीच बोचरी होती. तो बराच वेळ घासत बसला. एका दिवसात सगळं नीट होणार नव्हतं, पण त्याने ती कड अंगठ्याला लागेनाशी केली, कवळी धुतली आणि परत दिली. त्यांनी ती बसवल्यावर बिस्किटांचा डबा उघडून पुढे केला.

सासूबाईंनी एक उचललं आणि ते बुडवायला त्यांचा हात सवयीने शेजारच्या चहाच्या कपाकडे गेला. दातवाल्याने कप हळूच बाजूला सरकवला.

"तसंच खा."

"मला काही दुखत वगैरे नव्हतं हं कधी," त्या म्हणाल्या.

"छे, नव्हतंच," दातवाला म्हणाला.

मग तो त्यांच्याकडे पाठ करून, ताटलीकडे तोंड करून बसला, आणि मागून बिस्किट मोडल्याचा आवाज येईपर्यंत त्याने मान वळवली नाही.