मूठभर वरी

मी एक जुने उखळ आहे, मित्रांनो, आणि माझा स्वभाव जरा हट्टी आहे. असणारच. अलोऱ्याच्या वरच्या रानात, वहाळाकाठच्या काळ्या कातळात मला कोरले आहे, त्यामुळे मला कोणी उचलून नेऊ शकत नाही.

माझ्याभोवती कातकऱ्यांची लहानशी वाडी आहे. वाडीतल्या म्हाताऱ्या चिमाच्या आजेसासूने मला कोरायला घेतले. पुढे मुसळाचे घाव खाऊन मी खोल झाले. दिवाळीनंतर सगळी वाडी घाटावर कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जाई आणि मिरगाच्या आधी परते. निघताना चिमा माझ्या पोटात मूठभर वरी टाकी आणि वर चपटा दगड ठेवी. परत आल्यावर पहिले कांडण त्याच वरीचे.

चौऱ्याऐंशी साली वरी फार कमी पिकली. चिमाचा मुलगा महिपत चिडला. "आये, पोरांना खायाला नाय, नि तू दगडात कशाला घालतंस?"

"दाना ठेवला म्हंजी आपून परत येनार," चिमा म्हणाली. "रिकामा घर कुनाचाबी."

सरकारने कातकऱ्यांना आदिम जमात म्हणून मान्यता दिली होती, पण वाडीची जमीन अजून त्यांच्या नावावर नव्हती. माघात ती नावावर करून देण्यासाठी मोजायला साहेब आले, तेव्हा वाडीत चिटपाखरू नव्हते. खालच्या गावच्या भागोजीरावांचा त्या जमिनीवर डोळा होता. ते सोबत होतेच.

"फिरस्ती माणसं, साहेब. गेली वाडी सोडून. आता इथे काजू लावीन म्हणतो."

मी घाबरले. बोलता येत नाही याचा एवढा राग मला कधीच आला नव्हता.

साहेब जरा टेकायला माझ्यावर बसले. दगड डुगडुगला म्हणून त्यांनी तो उचलला. आत कोरडी, स्वच्छ वरी.

"ही कोणी ठेवली?"

मोजणीची साखळी धरणारा दादू शेजारच्या वाडीतला. भागोजीरावांकडे न बघता तो म्हणाला, "कातकऱ्यांनी, साहेब. येतील तवा पयली हीच कांडतील."

साहेबांनी दगड होता तसा ठेवला. "मग ते आल्यावरच मोजू."

मिरगाआधी वाडी परतली. चिमा मात्र आली नाही. भट्टीवरच तापाने गेली होती. तिची सून राही हिने दगड काढला आणि वरी कांडता कांडता रडली. मलाही फार वाईट वाटले.

मोजणीच्या दिवशी साहेबांनी विचारले, "सुरुवात कुठून धरू?"

महिपतने माझ्या काठावर हात ठेवला. "हितून."

जमीन वाडीच्या नावावर झाली. आता अलोऱ्याला गिरणी आहे. माझ्यात पावसाचे पाणी साचते, कावळे पितात. माझी तक्रार नाही. म्हणजे थोडी आहे, पण असो. दिवाळीनंतर वाडी निघते, तेव्हा महिपत मला पुसून कोरडे करतो आणि आपल्या हाताने मूठभर वरी टाकतो.

मित्रांनो, एखादे घर ओस दिसले तर ते टाकून दिलेले समजू नका. आधी दगड उचलून बघा. कोणीतरी परत यायचे ठरवून गेलेले असते.